विहिरीवरची रास्पबेरी: लॉग अडवून ठेवायच्या नोंदी

५ जानेवारी

दुसरं एसडी कार्ड गेलं. पहिलं ऑक्टोबरात गेलं तेव्हा म्हणलं डुप्लिकेट असंल, यावेळी बिलासकट चांगलं घेतलं होतं तरी तीन महिन्यात रीड ओन्ली होऊन बसलं, म्हणजे नवं काही लिहून घेईना. सकाळी सातला तात्यांचा फोन, "अरे तुझा डबा काही बोलंना, मोटार हातानं चालू केली मी." तात्या म्हणजे माझे चुलते, अंबड तालुक्यात मोसंबीची बाग आहे, विहिरीवर पाच एचपीची मोटार, आणि स्टार्टरशेजारच्या डब्यात मी बसवलेली रास्पबेरी पाय झीरो, म्हणजे छोटासा कॉम्प्युटर. तीन फेजवर तीन पीझेम मॉड्यूल, म्हणजे वीज मोजणारी छोटी यंत्रं, ती दर पाच सेकंदाला व्होल्टेज आणि करंट सांगतात, त्यावरून मोटार चालू ठेवायची का बंद करायची हे ठरतं.

कार्ड का मेलं ते आज हिशोब करून बघितलं. एका रीडिंगला सहा ओळी लॉग (प्रोग्रामची स्वतःची रोजनिशी), तासाला ७२० रीडिंग म्हणजे ४,३२० ओळी, दिवसाला एक लाखाच्या वर. आकारानं काही नाही, बारा तेरा एमबी, पण कार्डाला आकाराचं दुखणं नसतंच, फ्लॅशमध्ये शंभर बाइट लिहायचे म्हणलं तरी आत मोठा ब्लॉक हलवावा लागतो, वरून कार्डावरची फाईल सिस्टीम एक्स्ट फोर, तिचं जर्नल, म्हणजे बदलांची वही, दर पाच सेकंदाला कार्डावर लिहिलं जातं. थेंब थेंब लिहिल्यानं कार्ड झिजलं.

पंधरा तारखेला ताण तोडायचाय, म्हणजे आंबे बहारासाठी महिनाभर पाणी बंद ठेवलेल्या झाडांना पहिलं पाणी. तेव्हा मोटार भरवशानं चालायला पाहिजे, फुलं येताना पाण्यात खंड पडला तर वर्षाची कमाई गळून जाते. दहा दिवस आहेत.

७ जानेवारी

सोपा उपाय केला, लॉगची लेव्हल डीबगवरून (बारीकसारीक सगळं) वॉर्निंगवर (फक्त इशारे आणि त्यावरचे एरर) नेली. कार्डावर दिवसात चार ओळी.

आज दुपारी मोटार बंद पडली आणि लॉगमध्ये एकच ओळ: करंट शून्य, मोटार बंद. बास. त्याच्या आधी व्होल्टेज किती होतं, करंट हळूहळू कमी झाला का एकदम गेला, पीझेमनं उत्तर दिलं का टाइमआउट झाला, काहीच नाही. हळूहळू कमी झाला असता तर विहिरीत पाणी सरलं, ड्राय रन. एकदम गेला असता तर फेज. तात्या विचारतात विहिरीत वाकून बघू का, आणि मला सांगता येईना.

म्हणजे ज्या ओळी ९९ टक्के वेळा कचरा असतात त्याच उरलेल्या एक टक्का वेळेला सोनं असतात, आणि त्या आधीच फेकलेल्या. पाहिजे काय तर सगळं लिहायचं पण मेमरीत, शेवटची अर्ध्या तासाची पट्टी फिरती ठेवायची, आणि काही घडलं तरच ती सगळी पट्टी कार्डावर उतरवायची.

हे मी शोधलेलं नाही. लिनक्सचा कर्नलच, म्हणजे सिस्टीमचा गाभा, स्वतःचे मेसेज असे मेमरीतल्या फिरत्या पट्टीत, म्हणजे बफरमध्ये, ठेवतो, डीमेसेज कमांड दिली की दिसतात ते तेच. पीएचपीवाल्या मित्राला विचारलं तर त्यानं लगेच मोनोलॉग या लॉगच्या लायब्ररीतला फिंगर्स क्रॉस्ड हँडलर (ओळी घेऊन कुठं टाकायच्या ते बघणारा भाग) सांगितला, वेबसाइटची एक रिक्वेस्ट चालू असताना सगळं धरून ठेवतो आणि वॉर्निंग आली की आधीचं सगळं सोडतो. वेबला ते छान बसतं, कारण रिक्वेस्ट संपली की पाटी कोरी. माझा प्रोग्राम मात्र महिनोन्महिने चालणारा, पाटी कधी कोरी होतच नाही.

१० जानेवारी

माझा प्रोग्राम पायथनमध्ये आहे, आणि त्यात असा हँडलर तयार आहे, लॉगिंगच्या हँडलर्समध्ये मेमरीहँडलर. कपॅसिटी द्यायची, फ्लशलेव्हल द्यायची, म्हणजे कोणत्या लेव्हलला बफर रिकामा करायचा, ती न दिल्यास एरर धरतो, आणि शेवटी ओळी जिथं जायच्या ते टार्गेट म्हणून फाईलवाला हँडलर. अर्ध्या तासात लावला, कपॅसिटी २०००, लई खूश.

संध्याकाळी बघतो तर फाईल फुगलेली. एकही एरर नाही आणि सगळ्या डीबग ओळी कार्डावर हजर. सोर्स उघडला. शुडफ्लश फंक्शनमध्ये दोन अटी आहेत आणि मध्ये "किंवा" आहे: बफर भरला किंवा मोठ्या लेव्हलचा मेसेज आला. म्हणजे बफर भरला की तो जुनं फेकत नाही, सगळं टार्गेटला देऊन मोकळा होतो! मी नावावरून समजलो की हा फिरता बफर आहे, तो निघाला गठ्ठ्यानं लिहिणारा. दोन हजार ओळी जमल्या की लिही, म्हणजे अठ्ठावीस मिनिटाला एक गठ्ठा. कार्डाला थेंबापेक्षा गठ्ठा बरा हे खरं, पण मला पाहिजे ते हे नव्हे.

गंमत म्हणजे जावाच्या जुन्या लॉगिंगमध्येही मेमरीहँडलरच नाव आहे आणि तो खरंच फिरता आहे, डीफॉल्ट १००० नोंदी, भरला की सगळ्यात जुनी टाकतो, आणि पुशलेव्हल (कोणत्या लेव्हलला बाहेर ढकलायचं) सिव्हिअर, म्हणजे सगळ्यात वरची. नाव एकच, वागणं वेगळं. डॉक्युमेंटेशनमध्ये पायथनवाल्यांनी लिहिलेलं आहे तसं, मीच घाईत वाचलं नाही.

११ जानेवारी

स्वतःचा क्लास लिहिला. आत कलेक्शन्समधला डेक, म्हणजे दोन्ही टोकं उघडी असलेली यादी, मॅक्सलेन (जास्तीत जास्त लांबी) २०००. भरला की समोरून जुनी ओळ आपोआप पडते, आपल्याला काही करावं लागत नाही. २००० ओळी भागिले सहा, गुणिले पाच सेकंद, म्हणजे साधारण सत्तावीस अठ्ठावीस मिनिटं मागचं दिसणार. एका ओळीला १२० बाइट धरले तरी मजकूर अडीचशे केबीच्या आत, झीरोच्या ५१२ एमबी रॅममध्ये तेवढ्यानं काही होत नाही.

दोन गोष्टी लिहून ठेवतो, परत विसरायला नको. एक, लॉगरची, म्हणजे प्रोग्राम ज्याला ओळ देतो त्याची, स्वतःची लेव्हल डीबगच पाहिजे, नाहीतर ओळ बफरपर्यंत पोचतच नाही. दोन, टार्गेट हँडलरला वॉर्निंग लेव्हल लावून काही उपयोग नाही, कारण बफर रिकामा होताना टार्गेटच्या हँडल मेथडला थेट हाक मारली जाते आणि लेव्हलची तपासणी त्याच्या आधीच्या पायरीवर, लॉगरमध्ये असते. फॉर्मॅटरचं, म्हणजे ओळीचं रूप ठरवणाऱ्याचं, उलट, तो टार्गेटलाच लावायचा.

१४ जानेवारी

संक्रांत. काम नाही. तिळगूळ घेऊन शेतात गेलो तेव्हा नवं कार्ड आणि नवा कोड टाकून आलो एवढंच. काकूंनी बाजरीची भाकरी, भोगीची भाजी कालची उरलेली, लई दिवसांनी पोटभर जेवलो.

१५ जानेवारी

ताण तोडला. सकाळी दहाला पहिलं पाणी, तात्यांनी नारळ फोडला. साडेपाच तास मोटार चालली, कार्डावर शून्य ओळी. मी मुद्दाम बघत बसलो होतो, फाईलची साईज हलली नाही. ही शांतता मला पाहिजे होती.

१८ जानेवारी

पहिला खरा ट्रिगर, म्हणजे बफर कार्डावर उतरवायला लावणारी घटना, आणि पहिला धक्का.

रात्री एररवर बफर उतरला, सकाळी संभाजीनगरहून लॉगिन करून बघतो तर मागच्या सगळ्या रीडिंगमध्ये एकच आकडा. व्होल्टेज शून्य, शून्य, शून्य, अठ्ठावीस मिनिटं शून्य. हे शक्यच नाही, व्होल्टेज शून्य असतं तर मोटार चालली कशी? वेळा मात्र बरोबर, पाच पाच सेकंदाच्या.

दोन तास गेले. चूक अशी: रीडिंगची डिक्शनरी, म्हणजे नाव आणि आकडा अशा जोड्यांची यादी, मी एकच वापरतो, दर फेरीला तिच्यातच नवे आकडे भरतो, आणि लॉगला ती डिक्शनरीच देतो. लॉगिंग काय करतं, मेसेज तेव्हाच्या तेव्हा बनवत नाही, साचा आणि त्यात भरायच्या वस्तू वेगवेगळ्या धरून ठेवतं, आणि लिहायच्या वेळी भरतं. थेट फाईलवर लिहिताना दोन्ही एकाच क्षणी होतं म्हणून इतके महिने काही कळलं नाही. आता मध्ये अठ्ठावीस मिनिटांचं अंतर पडलं आणि तोवर त्या डिक्शनरीत शेवटचा आकडा बसला. तीनशे तेहतीस रीडिंग, सगळी एकाच वस्तूकडे बोट दाखवणारी.

उपाय सोपा, बफरात टाकतानाच मेसेज पूर्ण बनवायचा आणि आर्ग्युमेंट, म्हणजे साच्यात भरायच्या वस्तू, सोडून द्यायचे. पायथनचा क्यूहँडलर त्याच्या प्रिपेअरमध्ये हेच करतो, तिथून उचललं. थोडं सीपीयू जास्त जातं, कारण जी ओळ कधीच लिहिली जाणार नाही तीही बनवावी लागते, पण पाच सेकंदाला सहा ओळींना काय लागतं. जिथं सेकंदाला हजारो ओळी असतील तिथं हा सौदा वेगळा विचार करून करावा लागेल, तिथं वस्तूची कॉपी घेणं किंवा न बदलणारे टपल देणं परवडेल.

कालच्या एररचं खरं कारण मात्र कायमचं गेलं. त्याचं वाईट वाटायलंय.

२२ जानेवारी

या आठवड्यात लाइट रात्रीची. पहाटे चारला लाइट गेली आणि तिच्याबरोबर रास्पबेरी गेली आणि तिच्याबरोबर बफर गेला. परत आली तेव्हा लॉगमध्ये नुसतं "प्रोग्राम सुरू".

हे मला पहिल्या दिवशीच दिसायला पाहिजे होतं. मेमरीत ठेवायचं म्हणजे ज्या गोष्टीनं मेमरी जाते ती गोष्ट सोडून बाकी सगळं पकडता येतं. आणि आमच्याकडं विहिरीवर सगळ्यात जास्त वेळा घडणारी घटना कोणती? लाइट जाणं. शहरातल्या सर्व्हरला यूपीएस असतं, जनरेटर असतो, तिथं बसून हे डिझाईन लिहिणाऱ्याला याचा विचार करावा लागत नसंल. मला आधी तोच करावा लागणार.

तात्यांना म्हणलं एक बॅटरी लागेल. त्यांनी गोठ्यातून फवारणी पंपाची बॅटरी काढून दिली, १२ व्होल्ट ८ एएच, पंप फुटला म्हणून पडून होती. त्याच्यावर व्होल्टेज उतरवणारा ५ व्होल्टचा बक कन्व्हर्टर लावला, चार्जर फेजवर. आता लाइट गेली तरी रास्पबेरी काही तास आरामात जगते. शिवाय बॅटरीचं व्होल्टेज मोजायला एक छोटा एडीसी, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करून देणारी चिप, लावला, ११.५ च्या खाली आलं की तो स्वतःच एक ट्रिगर: मरायच्या आधी सगळं लिहून ठेव.

पीझेमची एक गोष्ट यातूनच कळली, त्याची मोजणारी चिप ज्या फेजला मोजते त्याच फेजवर जगते. फेज गेली की तो शून्य सांगत नाही, उत्तरच देत नाही, अठरा तारखेचं शून्य माझ्याच कोडानं भरलेलं. म्हणजे टाइमआउट ही चूक नव्हे, तीच बातमी आहे. मी आतापर्यंत टाइमआउटला डीबग लेव्हल देत होतो!

२४ जानेवारी

लाइट सोडून बफर मरायचे बाकीचे रस्ते बसून शोधले.

सर्व्हिस रीस्टार्ट केली की सिस्टमडी (लिनक्सवर सर्व्हिस चालवणारा) सिगटर्म, म्हणजे थांबायचा सिग्नल, पाठवतो आणि पायथन त्यावर काही न बोलता जातो, अॅटएक्झिटमध्ये, म्हणजे जाता जाता करायच्या कामांत, ठेवलेलं काही चालत नाही. मी आधी सिग्नल हँडलरमध्येच बफर लिहायला सांगितलं, आणि तिसऱ्या चाचणीत "डेक फिरताना बदलला" असा एरर, कारण मुख्य प्रोग्राम बफर लिहीत असतानाच मध्ये सिग्नल शिरला आणि त्याच थ्रेडमध्ये, म्हणजे कामाच्या त्याच धाग्यात, परत तेच काम सुरू झालं, लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) असून उपयोग नाही, तो त्याच थ्रेडला परत आत सोडतो. आता सिग्नल आला की नुसता एक झेंडा लावायचा, पुढच्या फेरीत मुख्य लूप तो बघतो, लिहितो आणि जातो. पाच सेकंद लागतात, सिस्टमडी डीफॉल्टला नव्वद थांबतो.

न पकडलेल्या एक्सेप्शनसाठी, म्हणजे प्रोग्राम चुकीनं कोसळतो त्यासाठी, एक्सेप्टहूक. किल मायनस नाइनला, म्हणजे जबरदस्तीनं मारण्याला, आणि मेमरी संपून कर्नलनं मारलं त्याला काही उपाय नाही, ते मान्य.

आणि एक, "लिहिलं" म्हणजे कार्डावर गेलं असं नव्हे. हँडलरचा फ्लश पायथनकडून कर्नलकडं देतो, कर्नल ते पान मेमरीतच ठेवतो, डीफॉल्टला तीसेक सेकंद सुद्धा. म्हणून गठ्ठा लिहून झाला की एकदा एफसिंक, म्हणजे आत्ताच कार्डावर लिही असा हुकूम. ओळीओळीला नाही, गठ्ठ्याला एकदा, नाहीतर परत कार्डाचं मरण.

२ फेब्रुवारी

काल रात्रीत फाईल परत फुगली. उंदरानं एका पीझेमची वायर कुरतडली, दर पाच सेकंदाला टाइमआउट, टाइमआउटला आता एरर, आणि एररला फ्लश. म्हणजे बफर अडवायलाच मिळाला नाही, आलेलं पाणी तसंच वाहून गेलं.

यातून ट्रिगरचा विचार मुळापासून केला. लेव्हल हा ट्रिगर म्हणून फार ढोबळ आहे. एरर म्हणजे "प्रोग्रामला आवडलं नाही", आणि मला पाहिजे "तात्यांना सकाळी याचं कारण सांगावं लागणार". दोन्ही एक नाहीत. लाइट वेळापत्रकाप्रमाणं गेली, मोटार आधीच बंद होती, तर तीन टाइमआउट आले तरी काही घडलेलं नाही. मोटार चालू आहे, कॉन्टॅक्टर (मोटारीला वीज जोडणारा स्विच) ओढलेला आहे आणि एकच फेज गप्प झाली, तर ते घडलेलं आहे, मोटार जळते त्यात. दोन्हीकडं ओळ तीच, लेव्हल तीच.

म्हणून आता ट्रिगरला नावं दिली. मोटार चालू असताना फेज गप्प. मोटार चालू आणि करंट नेहमीच्या निम्म्याखाली, म्हणजे कोरडी चालायली. ओव्हरलोड ट्रिप. बॅटरी खाली. प्रोग्राम जायला निघाला. एवढेच. शिवाय एका नावाचा ट्रिगर तासात एकदाच उतरवणार, बाकीच्यांची फक्त मोजणी. आणि हे लेव्हलवरून न कळता ओळीसोबत एक खूण येते त्यावरून कळतं, रेकॉर्डला एक्स्ट्रामधून जोडलेली.

अजून एक जोडलं. ट्रिगर झाला की लगेच अडवणं परत सुरू करायचं नाही, पुढची दहा मिनिटं थेट कार्डावर. मोनोलॉगवाला ट्रिगरनंतर अडवणंच सोडून देतो, रिक्वेस्ट संपेपर्यंत, तो त्यांच्याकडं ठीक आहे. मला आधीचं पाहिजे तसं नंतरचंही पाहिजे पण थोडंच. मोटार बंद झाल्यावर व्होल्टेज कसं वागतं हे आत्ता मला फार कामाचं वाटत नाही, पण ठेवतो.

८ फेब्रुवारी

छोटी दुरुस्ती. झीरोला घड्याळाची बॅटरी नाही, रीबूट झालं की वेळ जुनी दाखवतो, नेट आलं की एकदम पुढं उडी. एका गठ्ठ्यात अर्ध्या ओळी काल दुपारच्या आणि अर्ध्या आज पहाटेच्या दिसायल्या. आता प्रत्येक ओळीला मोनोटॉनिक, म्हणजे फक्त पुढंच जाणाऱ्या, घड्याळाचे सेकंदही लावले, ते उडी मारत नाही. शेतात नेट कालव्याच्या बाजूला गेलं की येतं, विहिरीपाशी कधी कधी.

फुलं चांगली आलीत म्हणतात तात्या. जायकवाडीचं आवर्तन डाव्या कालव्याला सुरू आहे त्यामुळं विहिरीला पाझर आहे, कोरडी चालायचा ट्रिगर अजून एकदाही नाही.

१९ फेब्रुवारी

रात्री २:४० ला मोटार ट्रिप. सकाळी तात्यांचा फोन यायच्या आधी माझ्याकडं फाईल होती.

सविस्तर लिहितो. ट्रिगर: ओव्हरलोड ट्रिप. मागच्या पट्टीत सुरुवातीला तिन्ही फेज २३० च्या आसपास, करंट तिन्हीकडं सात अँपिअरच्या जवळ. मग मधली फेज उतरायला लागते. एकदम नाही, २२६, २२१, पाच मिनिटांनी २१४, परत २१८, मग २०५. बाकी दोन फेज जागच्या जागी, पण त्यांचा करंट चढत चालला, साडेआठ, साडेनऊ, शेवटी अकराच्या वर, आणि रिले पडला. फेज गेली की मोटार बंद करणारा प्रिव्हेंटर का नाही पडला तेही कळलं, फेज पूर्ण गेलीच नव्हती, नुसती अशक्त झाली होती.

आता ती नंतरची दहा मिनिटं. मोटार बंद झाल्यावर पुढच्याच रीडिंगला, पाच सेकंदात, मधली फेज २३३. दहा मिनिटं २३३, २३४, हललीच नाही.

फोनवर तात्या वायरमनला बोलवायला निघाले होते, डीपीवरच, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरच, फेज कमी आहे म्हणत. मी म्हणलं तात्या थांबा, डीपीवर कमी असती तर मोटार बंद झाल्यावरही कमीच राहिली असती. लोड आल्यावरच व्होल्टेज पडतं आणि लोड गेलं की लगेच जागेवर येतं, म्हणजे मध्ये कुठंतरी जोड ढिला आहे, तिथं व्होल्टेज खाल्लं जातंय, आणि खूप करून आपल्याच मेन स्विचमध्ये. मेन बंद करा, मधली किटकॅट (फ्यूज) काढून बघा.

अर्ध्या तासानं व्हॉट्सअपवर फोटो आला. मधल्या किटकॅटचा एक पाय काळा पडलेला, चिनी माती तडकलेली, खालचा स्क्रू बोटानं फिरायला लागला म्हणले.

२१ फेब्रुवारी

किटकॅट बदलली, तिन्ही लग (वायरीच्या टोकाचे जोड) नवे घातले. काल रात्री सहा तास मोटार चालली, तिन्ही फेजमध्ये लोडवर दोन तीन व्होल्टचा फरक, करंट ७.१, ७.०, ७.२. कार्डावर ओळी नाहीत, हे आकडे मी लॉगिन करून हातानं बफर उतरवून बघितले, त्यासाठी सिगयूएसआर वन या सिग्नलला एक झेंडा जोडलाय.

नवा ट्रिगर आजच टाकला: मोटार चालू असताना एक फेज बाकी दोघींच्या सरासरीपेक्षा १२ व्होल्टनं खाली, सलग दोन मिनिटं. परवाच्या पट्टीवर चालवून बघितला, ट्रिपच्या १७ मिनिटं आधी वाजला असता. तात्यांच्या मोबाईलवर मेसेज जाईल, एक ओळीचा, "मधली फेज पडायली, स्विच बघा", पहाटे असला तरी. त्यांनीच सांगितलं उठवत जा म्हणून.

शेजारच्या दोन विहिरीवाल्यांनी विचारलंय. त्यांच्याकडं सात एचपीच्या मोटारी आहेत, करंटच्या मर्यादा कॉन्फिगमध्ये काढाव्या लागतील, आत्ता कोडातच लिहिलेल्या आहेत. रविवारी.